विश्लेषण : हौशी उड्डाणांवर देखरेख कोणाची? पॅराग्लायडर, मायक्रोलाईटसाठी नियम काय सांगतात?

सणवार, निवडणुका किंवा एखाद्या बड्या नेत्याचा दौरा जवळ आला, की पोलीस आयुक्तालयाचा एक आदेश ठरल्याप्रमाणे निघतो. ड्रोन, पॅराग्लायडर, पॅरामोटर, हँग ग्लायडर, मायक्रोलाईट विमाने, हॉट एअर बलून यांच्या उड्डाणांना अमुक तारखेपर्यंत बंदी. वर्तमानपत्रात ही बातमी चार ओळींची असते. तिच्यामागचे कारण खरे आहे. इस्रायलवर ७ ऑक्टोबर २०२३ रोजी झालेल्या हल्ल्यात हमासने मोटर लावलेले पॅराग्लायडर वापरले होते. पण या बातमीतून आणखी एक गोष्ट दिसते. या साधनांपासून सरकारला असलेला धोका आपण नेमका ओळखला आहे. त्यांत पैसे भरून बसणाऱ्या पर्यटकाला असलेला धोका मात्र तितक्या नेमकेपणाने ओळखलेला नाही.

हौशी उड्डाणे म्हणजे नेमके काय?

पगारासाठी किंवा प्रवासासाठी नव्हे, तर आनंदासाठी आणि खेळ म्हणून केलेले उड्डाण. यात इंजिन नसलेले पॅराग्लायडर आणि हँग ग्लायडर येतात, पाठीवर मोटर बांधून उडायचे पॅरामोटर येतात आणि एक-दोन आसनांची, स्कूटरवजा इंजिनावर उडणारी मायक्रोलाईट विमानेही येतात. पाश्चात्त्य देशांत यातील सर्वांत हलक्या गटाला ‘अल्ट्रालाईट’ म्हणतात.

साधने छोटी असली तरी हवेचे नियम त्यांनाही चुकत नाहीत. उलट ती जास्त नाजूक असतात. पॅराग्लायडरचा हवेतील नेहमीचा वेग ताशी ३५ ते ४० किलोमीटरच्या आसपास असतो. समोरून तितकाच वारा आला तर तो जागच्या जागी थांबतो, आणि वारा वाढला तर मागे ढकलला जातो. त्याला सांगाडा नसतो. आत शिरलेल्या हवेच्या दाबाने कापडाला पंखाचा आकार येतो. भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारे झोत किंवा डोंगराच्या आडोशाला तयार होणारे भोवरे यांत सापडले तर ते कापड एका बाजूने मिटू शकते. ते कसे सावरायचे आणि आज उडायचेच नाही हे कधी ठरवायचे, हे कसब वैमानिकाकडे असावे लागते.

अमेरिकेत परवान्याशिवाय उडता येते, ते कसे?

या विषयावर सर्वांत स्पष्ट भूमिका घेणारा नियम अमेरिकेचा आहे. तेथील हवाई वाहतूक नियामक ‘एफएए’ने १९८२ मध्ये ‘पार्ट १०३’ हा नियम आणला. त्यानुसार अल्ट्रालाईट उडवण्यासाठी वैमानिकाचा परवाना लागत नाही, वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि साधनाची नोंदणीही लागत नाही. नियमाने त्याला ‘विमान’ न म्हणता ‘वाहन’ म्हटले आहे.

ही मोकळीक फुकटची नाही. इंजिन असलेल्या साधनाचे रिकामे वजन २५४ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ११५ किलोपेक्षा कमी हवे. इंधनाची टाकी ५ गॅलनपेक्षा, म्हणजे साधारण १९ लिटरपेक्षा मोठी नको. सपाट उड्डाणात पूर्ण शक्तीवर वेग ५५ नॉट्सच्या, म्हणजे ताशी सुमारे १०२ किलोमीटरच्या वर जाता कामा नये. उड्डाण दिवसाउजेडी, जमीन डोळ्यांना दिसत असतानाच करायचे. दाट वस्तीवरून किंवा उघड्यावर जमलेल्या गर्दीवरून उडायचे नाही. विमानतळाभोवतीच्या नियंत्रित हवाई क्षेत्रात आधी परवानगी घेतल्याशिवाय शिरायचे नाही.

आणि सर्वांत महत्त्वाची अट: साधनात माणूस एकच हवा.

या एका अटीवर सगळा नियम उभा आहे. सरकार जणू नागरिकाला सांगते, की तुला स्वतःचा जीव धोक्यात घालायचा असेल तर तो तुझा निर्णय. मात्र खाली जमिनीवर असलेल्याचा, आकाशातील दुसऱ्या विमानाचा आणि शेजारी बसलेल्याचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार तुला नाही. वजन, वेग, इंधन यांच्या मर्यादा जमिनीवरच्या माणसासाठी आहेत, हवाई क्षेत्राची अट दुसऱ्या विमानासाठी आहे आणि एका आसनाची अट सोबत्यासाठी.

दुसरा माणूस बसला की काय बदलते?

जवळपास सगळेच. दोन आसनी साधनांसाठी अमेरिकेने २००४ मध्ये ‘स्पोर्ट पायलट’ हा वेगळा परवाना आणला. त्यासाठी किमान २० तासांचे उड्डाण-प्रशिक्षण, लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा लागते. वैद्यकीय तपासणीऐवजी मोटार चालवण्याचा वैध परवाना चालतो. म्हणजे तिथे सवलत आहे, पण कौशल्याच्या परीक्षेत नाही. जुलै २०२५ मध्ये ‘मोझॅक’ या नावाने ओळखला जाणारा सुधारित नियम जाहीर झाला. त्याने वजनाची जुनी मर्यादा काढली आणि या परवान्यावर चार आसनी विमान उडवण्याचीही मुभा दिली. परंतु विमानात चार आसने असली तरी सोबत प्रवासी एकच नेता येतो. नियम सैल करतानाही नियामकाने हा धागा सोडला नाही. हँग ग्लायडर आणि पॅराग्लायडरवर दोघांनी उडण्याची मुभाही तेथे प्रशिक्षणासाठी दिलेल्या विशेष सवलतीखालीच मिळते.

युरोपात वाटा वेगळ्या आहेत. ब्रिटनने २०१४ मध्ये एक आसनी मायक्रोलाईटना उड्डाणयोग्यतेच्या सरकारी तपासणीतून बऱ्याच अंशी मोकळे केले, पण वैमानिकाचा परवाना कायम ठेवला. जर्मनीत पॅराग्लायडर उडवायलाही परवाना लागतो. मात्र तो देण्याचे काम सरकारने खेळाडूंच्या राष्ट्रीय संघटनेकडे सोपवले आहे. पद्धती निरनिराळ्या असल्या तरी प्रत्येक ठिकाणी एका प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे: या माणसाला उडता येते, असे कोणी तपासले?

भारतात नियम नाहीत का?

आहेत, फक्त एकाच छताखाली नाहीत. १९३४ च्या विमान कायद्यातील ‘विमान’ या शब्दाची व्याख्या इतकी व्यापक होती, की ग्लायडर, बलून आणि पतंगदेखील तिच्यात मोडत. त्या कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे. इंजिन असलेली मायक्रोलाईट विमाने नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे ‘डीजीसीए’च्या नियमांखाली येतात. त्यांची नोंदणी, उड्डाणाची परवानगी आणि वैमानिकाची पात्रता यांची चौकट आहे. मोटर लावलेल्या हँग ग्लायडरसाठीही वेगळी नियमावली आहे.

खरी अडचण पुढे आहे. आपल्याकडे सामान्य माणूस हौशी उड्डाणाला भेटतो तो मायक्रोलाईटमध्ये नव्हे, तर कामशेत, पाचगणी, बीर-बिलिंग किंवा गोव्यातील एखाद्या पठारावर, ‘टँडम’ पॅराग्लायडिंगच्या हार्नेसमध्ये. तिथे डीजीसीएचे इंजिनकेंद्री नियम मागे पडतात आणि विषय राज्यांच्या पर्यटन विभागाकडे जातो. हिमाचल प्रदेशाने २००४ मध्येच हवाई खेळांचे नियम केले. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले आणि जमीन, पाणी व हवेतील उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आवश्यक केली. म्हणजे हेच उड्डाण एका राज्यात हवाई खेळ म्हणून मोजले जाते, तर दुसऱ्यात पर्यटनाचा उपक्रम म्हणून.

अमेरिकेच्या नियमाशी तुलना केली तर चित्र उलटे दिसते. तिथे एकटा उडणारा मोकळा आहे आणि प्रवासी नेणारा बांधलेला. आपल्याकडे स्वतःच्या मायक्रोलाईटमध्ये एकटा उडणारा हौशी माणूस केंद्राच्या कागदपत्रांत अडकतो. आणि दिवसभरात अनेक अनोळखी पर्यटकांना डोंगरावरून घेऊन झेपावणारा वैमानिक कोणत्या राज्यात आहे, यावर त्याची परीक्षा अवलंबून राहते.

२०२२ च्या धोरणाने काय सुचवले होते?

केंद्राने जून २०२२ मध्ये राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जाहीर केले. त्यात पॅराग्लायडिंग, हँग ग्लायडिंग, पॅरामोटर, मायक्रोलाईट, बलून, स्कायडायव्हिंग यांसह ११ खेळ आहेत. सर्वांत वर भारतीय हवाई क्रीडा महासंघ, त्याच्याखाली प्रत्येक खेळाची राष्ट्रीय संघटना, मग राज्य आणि जिल्हा पातळीवरच्या संस्था अशी चार पायऱ्यांची रचना त्यात आहे. सेवा देणाऱ्या प्रत्येकाने संबंधित संघटनेचे सदस्य व्हावे, महत्त्वाच्या साधनांची नोंदणी करावी आणि सुरक्षिततेत कसूर केल्यास दंड किंवा निलंबन व्हावे, असेही त्यात म्हटले आहे. बीर-बिलिंग, गंगटोक, वागामोण यांच्या जोडीला आपल्या पुण्यातील हडपसरसारखी ठिकाणे हवाई खेळांसाठी ‘नियंत्रण क्षेत्र’ म्हणून जाहीर करता येतील, अशी सूचनाही आहे. हडपसरला डीजीसीएचे ग्लायडिंग केंद्र आहे.

कल्पना चांगली आहे. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. धोरणातील ‘करावे’चे नियमातील ‘केलेच पाहिजे’ होईपर्यंत डोंगरावरच्या टेक-ऑफच्या जागी काही बदलत नाही.

मग नोंदणी झाली की काम झाले?

नाही, आणि अलीकडच्या दुर्घटनांनी ते दाखवून दिले आहे. १८ जानेवारी २०२५ रोजी गोव्यातील केरी येथे टँडम पॅराग्लायडर कोसळून पुण्याची एक पर्यटक तरुणी आणि तिच्यासोबतचा नेपाळी वैमानिक, दोघांचाही मृत्यू झाला. हा व्यवसाय बेकायदा सुरू होता, असे पोलिसांनी सांगितले. त्याच दिवशी हिमाचलमध्ये धरमशालाजवळ टँडम उड्डाण घेतानाच गुजरातची एक तरुणी दगावली. पहिल्या घटनेवर उपाय सोपा वाटतो: बेकायदा धंदे बंद करा.

पण त्याआधी, फेब्रुवारी २०२४ मध्ये कुलूजवळ तेलंगणातून आलेली एक पर्यटक महिला उड्डाणादरम्यान खाली पडली. तिचा सुरक्षा पट्टा नीट बांधला गेला नव्हता, असे प्राथमिक चौकशीत पुढे आले. त्या प्रकरणात जागा मान्यताप्राप्त होती, साधने मंजूर होती आणि वैमानिकही नोंदणीकृत होता. कागद सगळे पुरे होते. कमी पडली ती उड्डाणाआधीची अर्ध्या मिनिटाची तपासणी.

नोंदणी आणि देखरेख यांत हाच फरक आहे. नोंदणी एकदा होते. देखरेख रोज करावी लागते. हंगामात रांग लागलेली असते, प्रत्येक फेरीचे पैसे असतात, वारा वाढत असतो आणि ‘आता थांबू’ म्हणणाऱ्या वैमानिकाचेच नुकसान होते. अशा वेळी केवळ त्याच्या सद्सद्विवेकावर विसंबणे म्हणजे त्याच्यावरही अन्याय आहे.

काय व्हायला हवे?

सगळ्यांना सारखेच जखडणे हा उपाय नाही. तसे केले तर कष्टाने शिकलेला हौशी वैमानिक खेळ सोडेल आणि परवान्याविना धंदा करणारा मात्र पुढच्या डोंगरावर जाईल. वजनदार नियम नको, योग्य जागी ठेवलेले वजन हवे. एकटा, वस्तीपासून आणि विमानतळापासून दूर उडणारा खेळाडू असेल, तर संघटनेचे प्रशिक्षण, प्राथमिक पात्रता आणि विमा इतके पुरे. पैसे घेऊन दुसऱ्याला नेणारा असेल, तर देशभर चालणारा एकच टँडम परवाना, ठरावीक काळाने पुन्हा परीक्षा आणि प्रत्येक उड्डाणाची नोंद. टेक-ऑफच्या जागी वाऱ्याचा वेग पाहून उड्डाणे थांबवण्याचा अधिकार असलेली आणि फेऱ्यांच्या कमाईत वाटा नसलेली एक व्यक्ती हवी.

त्याहून गरजेचे म्हणजे अपघातांची नोंद. ब्रिटनमध्ये मायक्रोलाईटच्या अपघातांचे अहवाल तपास यंत्रणा प्रसिद्ध करते आणि ते वाचून दुसऱ्या क्लबचा वैमानिक शहाणा होतो. आपल्याकडे पॅराग्लायडिंगचा अपघात बहुतेक वेळा पोलीस ठाण्याच्या गुन्हा नोंदणीत संपतो. दोषी कोण ते कधीतरी ठरते. चूक नेमकी कोणती होती, हे पुढच्या डोंगरावर पोहोचत नाही. थोडक्यात बचावलेल्या घटनाही न घाबरता कळवता आल्या, तर मोठे अपघात टळतील.

तोपर्यंत पर्यटकाने काय पाहावे?

उडण्याआधी वैमानिकाची पात्रता आणि संस्थेची नोंदणी दाखवायला सांगा. खरा व्यावसायिक त्याचा राग मानत नाही. हेल्मेट आणि राखीव पॅराशूट आहे का, ते विचारा. छातीचा आणि दोन्ही मांड्यांचे पट्टे बांधल्यावर स्वतः हात लावून खात्री करा. ‘वारा आहे, थोडे थांबू’ असे वैमानिक म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका, पैसे परत मिळतील का एवढेच विचारा. आणि वारा अंगाला झोंबत असताना तो ‘काही होत नाही, चला’ म्हणाला, तर आपणच माघारी फिरा.

उडण्याची हौस जुनी आहे आणि ती राहणारच. बंदीच्या यादीत या साधनांची नावे कशी लिहायची, हे आपल्याला तोंडपाठ झाले आहे. आता ती उडवणाऱ्या हातांची परीक्षा कोण घेणार, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहून काढायला हवे.