जामठ्याचे मैदान आणि विश्वचषकाची पंगत

दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे आणि नामिबिया हे तीन देश २०२७ सालच्या विश्वचषक क्रिकेट स्पर्धेचे यजमान ठरले आहेत. त्यांपैकी पहिल्या दोघांची पाने आधीच मांडण्यात आली. तिसऱ्याला मात्र, त्याच्या अंगणात पंगत बसणार असूनही, पात्रता फेरीची परीक्षा देऊन मगच आत यावे असे सांगण्यात आले आहे. कारण एवढेच की, पहिले दोघे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे पूर्ण सदस्य आहेत आणि नामिबिया हा सहसदस्य आहे. चौदा जागांपैकी दोन या यजमानांच्या, आठ क्रमवारीतील वरच्या संघांच्या आणि उरलेल्या चार जागांसाठी बाकीच्या साऱ्या जगाने आपसांत झुंजावयाचे, अशी ही योजना आहे.

कापसाचा भाव आणि सोयाबीनची खरेदी यांची चिंता वाहणाऱ्या या जिल्ह्याच्या वाचकांपुढे आम्ही पहिल्या पानावर क्रिकेटचा विषय का मांडावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर वर्ध्याहून नागपूरला जाणाऱ्या रस्त्यावरच आहे. बुटीबोरी ओलांडली की थोड्या वेळाने जामठ्याचे प्रचंड क्रीडांगण लागते. विसाव्या शतकातील नव्हे, अगदी अलीकडची, मार्च २०१६ मधील गोष्ट आहे. त्या मैदानावर अफगाणिस्तान, झिंबाब्वे, स्कॉटलंड आणि हाँगकाँग हे चार संघ वीस षटकांच्या विश्वचषकाच्या पहिल्या फेरीसाठी उतरले होते. नाव ‘पहिली फेरी’ असले तरी ती खरोखर पात्रता फेरीच होती. कारण चौघांतून एकालाच पुढे प्रवेश होता. प्रेक्षक थोडे होते. आपल्या दारात जगाचा एक महत्त्वाचा निवाडा होत आहे, याची वार्ता आपल्यापैकी पुष्कळांना लागलीसुद्धा नाही.

त्या निवाड्यात अफगाणिस्तानने तिन्ही सामने जिंकले. १२ मार्च रोजी त्याने झिंबाब्वेचा ५९ धावांनी पराभव केला आणि मुख्य स्पर्धेत पाऊल ठेवले. पुढे पंधराच दिवसांनी, २७ मार्चला, याच जामठ्यावर निर्वासितांच्या छावण्यांत क्रिकेट शिकलेल्या पिढीच्या या संघाने वेस्ट इंडीजला सहा धावांनी हरविले. आठवड्याभरात कोलकात्यास विश्वविजेता ठरलेल्या वेस्ट इंडीजचा त्या स्पर्धेतील तो एकमेव पराभव होय. जो संघ २००८ साली जर्सी बेटावर परिषदेच्या पाचव्या श्रेणीत खेळत होता, त्याने आठ वर्षांत हा पल्ला गाठला. २०१७ साली तो पूर्ण सदस्य झाला आणि २०२४ साली विश्वचषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. दार किलकिले ठेवले तर काय होते, याचा याहून बोलका पुरावा आम्हांस ठाऊक नाही.

परंतु त्याच आठवड्यात धरमशाला येथे जे घडले तेही सांगितले पाहिजे. नेदरलँडचा संघ बांगलादेशाकडून अवघ्या आठ धावांनी हरला आणि दोन दिवसांनी ओमानशी होणारा त्याचा सामना एकही चेंडू न टाकता पावसात वाहून गेला. संपली स्पर्धा! वर्षानुवर्षे पात्रतेची शिडी चढून आलेल्या संघाचे भवितव्य एका संध्याकाळच्या ढगांवर सोपविणारी ही व्यवस्था मोठ्या संघांना कोणी लावून दाखवावी! जामठ्यावर खेळलेल्या स्कॉटलंडच्या संघाचा कर्णधार प्रेस्टन मॉमसेन याने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, क्रिकेट सोडून नोकरी पत्करली. फलंदाज ऐन भरात असतो त्या वयात कर्णधाराला बॅट ठेवून कचेरीत जावेसे वाटते, ही गोष्ट खेळाच्या कारभाऱ्यांनी मनाला लावून घ्यावयास हवी होती.

पात्रता स्पर्धेचा इतिहास जुना आहे. १९७९ साली इंग्लंडमध्ये अशी पहिली स्पर्धा झाली. ती श्रीलंकेने जिंकली आणि त्याच उन्हाळ्यातील विश्वचषकात त्याच श्रीलंकेने भारताला ४७ धावांनी हरविले. पुढे १९९६ साली श्रीलंका जगज्जेती झाली. १९८२ ची पात्रता स्पर्धा झिंबाब्वेने जिंकली, म्हणून १९८३ च्या विश्वचषकात तो देश आला. टनब्रिज वेल्सला भारताचे पाच गडी १७ धावांत बाद करणारा संघ हाच, आणि कपिल देव यांची नाबाद १७५ धावांची खेळी झाली ती याच संघाविरुद्ध. आज ज्या खेळीचे नाव निघताच वयस्क मंडळींचे डोळे लकाकतात, ती पात्रता फेरी नसती तर झालीच नसती, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

मग दार अरुंद का झाले? आमच्या मते त्याचे मूळ १७ मार्च २००७ या दिवसात शोधावे लागते. त्या दिवशी वेस्ट इंडीजमध्ये बांगलादेशाने भारताला आणि आयर्लंडने पाकिस्तानला हरविले. आठ दिवसांत दोन्ही बलाढ्य संघ स्पर्धेबाहेर गेले आणि त्यांच्याबरोबर दूरचित्रवाणीच्या जाहिरातींचा पैसाही गेला. त्या विश्वचषकात सोळा संघ होते. २०११ व २०१५ मध्ये ते चौदा झाले आणि २०१९ व २०२३ मध्ये दहाच उरले. दहा संघांनी प्रत्येकाशी एकदा खेळावयाचे, म्हणजे भारताचे नऊ सामने निश्चित. एखाद्या दुपारच्या दुर्दैवाने धनकोंचे गणित बिघडावयास नको! खेळाचा दर्जा राखण्यासाठी संख्या कमी केली, असे सांगण्यात आले. ताकाला जाऊन भांडे लपविण्याचाच हा प्रकार होता.

दर्जाचा मुद्दा तथापि उडवून लावण्याजोगा नाही. दुबळे संघ आले की सामने एकतर्फी होतात, प्रेक्षक कंटाळतात, हे काही अंशी खरे आहे. २००७ मध्येच भारताने बर्म्युडाला २५७ धावांनी चिरडले होते. पण एकतर्फी सामन्यांचा मक्ता लहानांनीच घेतला आहे काय? २ नोव्हेंबर २०२३ रोजी वानखेडे मैदानावर श्रीलंकेचा सारा संघ भारतापुढे ५५ धावांत गारद झाला. तेव्हा श्रीलंकेला विश्वचषकातून वगळा, असे कोणी म्हटले नाही, आणि म्हणू नये हेच योग्य. त्याच स्पर्धेत पात्रता फेरीतून आलेल्या नेदरलँडने दक्षिण आफ्रिकेला धरमशाला येथे ३८ धावांनी धूळ चारली. सात वर्षांपूर्वी ज्या गावी पावसाने त्याला घरी धाडले होते, तेच हे गाव!

त्या २०२३ च्या पात्रता फेरीने आणखी एक भ्रम दूर केला. दोन वेळचा विश्वविजेता वेस्ट इंडीज तेथे स्कॉटलंडकडून सात गड्यांनी हरला आणि इतिहासात प्रथमच एकदिवसीय विश्वचषकाला मुकला. मोठेपण हे जन्मसिद्ध नसते. मात्र सर्वांना नियम सारखे असले पाहिजेत. २०१८ साली हरारे येथे याच दोन संघांच्या निर्णायक सामन्यात स्कॉटलंडच्या बेरिंग्टनला पायचीत देण्यात आले. चेंडू यष्ट्यांना चुकत असल्याचे चित्रफितीत दिसले. पण पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी मागण्याची सोय त्या स्पर्धेत ठेवलेलीच नव्हती. पुढे पाऊस आला आणि स्कॉटलंड पाच धावांनी हरल्याचे जाहीर झाले. ज्यांच्यापुढे चार वर्षांचे भवितव्य पणाला असते, त्यांच्यासाठीच न्यायाची साधने कमी, हा कोठला न्याय?

हा प्रश्न परक्यांचा आहे असेही समजू नये. अमेरिकेच्या संघाचा डावखुरा गोलंदाज सौरभ नेत्रावळकर हा मुंबईचा. २०१० साली तो भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघातून विश्वचषक खेळला, मुंबईकडून त्याला एकच रणजी सामना मिळाला आणि २०१५ मध्ये संगणकशास्त्र शिकण्यासाठी तो अमेरिकेस गेला. ६ जून २०२४ रोजी डॅलसला बरोबरीत सुटलेल्या सामन्यात पाकिस्तानविरुद्ध ‘सुपर ओव्हर’ टाकून त्याने अमेरिकेला विजय मिळवून दिला. सहा दिवसांनी त्याने विराट कोहली व रोहित शर्मा या दोघांनाही बाद केले. येथे जागा न मिळालेल्या गुणी मुलाला जगात दुसरीकडे जागा असावी, ही आपल्याही घरची गरज आहे. ती जागा मिळाली, कारण त्या स्पर्धेत संघ वीस होते. इटलीसारख्या देशाने २०२५ साली प्रथमच पात्रता मिळविली तीही या रुंद दारामुळेच. असे असता २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये मात्र सहाच संघ ठेवण्यात आले आहेत!

संघ कशाच्या पायावर उभा राहावा, हा वाद वर्ध्याला नवा नाही. डिसेंबर १९४० मध्ये मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे शिष्टमंडळ गांधीजींना भेटावयास येथेच आले होते. धर्मवार संघांचे पंचरंगी सामने गांधीजींना पसंत नव्हते. महाविद्यालयांचे वा संस्थांचे संघ आपण समजू शकतो, हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ कशासाठी, असा त्यांचा रोख होता. १९४६ नंतर ते सामने बंद पडले. जन्म, नागरिकत्व किंवा तीन वर्षांचे वास्तव्य, एवढ्यावर माणसाला त्या भूमीचा खेळाडू मानणारा आजचा नियम त्या दृष्टीस जवळचा आहे, असे आम्हांस वाटते. मुंबईचा मुलगा अमेरिकेचा गोलंदाज होतो तो याच नियमाने.

आता पैशाकडे वळू. २०२४ ते २०२७ या काळातील परिषदेच्या उत्पन्नाची जी वाटणी प्रसिद्ध झाली, तीत भारतीय मंडळाचा वाटा साडेअडतीस टक्क्यांच्या घरात असून नव्वदांहून अधिक सहसदस्य देशांच्या पदरी मिळून अकरा टक्क्यांच्या आसपास रक्कम पडते. उत्पन्नाचा मोठा भाग भारतीय प्रेक्षकांमुळेच येतो, हे मंडळाचे म्हणणे खोटे नाही. पण ज्याच्या हाती तिजोरीची किल्ली आहे त्यानेच दारही ओढून धरावे काय? दुसरीकडे, भारताने अफगाणिस्तानला ग्रेटर नोएडा, डेहराडून व लखनौ येथे मैदाने दिली, हे कृत्य निःसंशय उदारपणाचे होते. तो उदारपणा एका शेजाऱ्यापुरता व एका प्रसंगापुरता राहू नये.

आणि हे विदर्भाने बोलून दाखवावे, असा आमचा आग्रह आहे. १९५७-५८ च्या हंगामात रणजी स्पर्धेत उतरलेल्या विदर्भाला पहिल्या विजेतेपदासाठी साठ वर्षे थांबावे लागले. कित्येक हंगाम तो खालच्या ‘प्लेट’ गटात होता. बलाढ्य संघांना विदर्भाशी खेळणे म्हणजे विश्रांती वाटे. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला फैज फजलच्या संघाने दिल्लीला नमविले, पुढच्या वर्षी ते यश टिकविले आणि २०२५ मध्ये केरळवर पहिल्या डावाच्या आघाडीने तिसऱ्यांदा चषक आणला. ‘दुबळे संघ वगळा’ हा न्याय साठ वर्षांत केव्हाही लावला गेला असता तर यांतले काय घडले असते? हिंगणघाट, पुलगाव, आर्वी येथल्या मुलांना जिल्हा, विदर्भ आणि मग देश, अशी शिडी तरी दिसली असती काय?

विदर्भ क्रिकेट संघटनेने आपल्या हंगामपूर्व सामन्यांसाठी नामिबिया, नेपाळ वा स्कॉटलंड यांना जामठ्यास बोलवावे. भारतीय मंडळाच्या सभेत तिचा प्रतिनिधी बसतो. विश्वचषकातील सहसदस्यांच्या जागा वाढवाव्यात आणि सहयजमान देशाला त्याच्या घरच्या स्पर्धेत हक्काचे स्थान असावे, एवढे दोन ठराव त्याने तेथे मांडावेत. पाहुणे संघ आले तर वर्धा जिल्ह्यातील शाळांच्या मुलांना ते सामने विनामूल्य पाहू द्यावेत. वर्ध्याहून जामठा साठेक किलोमीटर आहे आणि एस.टी. चालू आहे.