सूर्यास्त किती वाजता?

घाऊक कापडाचा व्यापार असलेल्या एका कुटुंबाने नाताळच्या सुट्टीत नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे जाऊन उत्तर ध्रुवीय प्रकाश पाहण्याचे ठरविले. मुलांना शाळेची सुट्टी, धनुर्मासामुळे लग्नसराईला पडणारा खंड आणि सहल कंपनीचे पत्रकही नेमके त्याच आठवड्याचे. आगाऊ रक्कम भरण्याच्या आदल्या संध्याकाळी आजींनी एकच विचारले, "तिथे सूर्यास्त किती वाजता होतो?" नातवाने मोबाइलवर पाहिले आणि तो गप्प झाला. त्या आठवड्यात तेथे सूर्यास्तच नव्हता, कारण सूर्योदयच नव्हता.

ट्रॉम्सो सुमारे ७० अंश उत्तर अक्षांशावर, आर्क्टिक वृत्ताच्या बरेच आत आहे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तेथे सूर्य क्षितिजावर येत नाही. दुपारच्या सुमारास काही वेळ निळसर संधिप्रकाश पसरतो, तेवढाच काय तो दिवस. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारसी आणि सूर्यास्तापूर्वी चौविहार, हा आजींचा चाळीस वर्षांचा नेम. घरात मतभेद झाले. थोरल्या चिरंजीवांनी पुण्याची वेळ धरावी असे सुचविले. धाकट्यांच्या मते घड्याळातील सहा म्हणजेच सूर्यास्त. सूनबाईंनी महाराजसाहेबांना विचारू या म्हटले. आजी म्हणाल्या, "पचक्खाण कशाला हलवता? तारीख हलवा."

शास्त्राच्या दृष्टीनेही त्यांचे म्हणणे योग्यच होते. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांभोवतीच्या कंकणाकृती पट्ट्यात उतरतात आणि वातावरणातील प्राणवायू व नत्र उजळतात. शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरचा प्राणवायू हिरवा दिसतो, त्याहून बराच वरचा तांबडा. या क्रियेला हिवाळा लागत नाही. पाहणाऱ्याला केवळ काळोख लागतो. सप्टेंबरपासून मार्चअखेरपर्यंत ट्रॉम्सोला तो पुरेसा मिळतो. उलट मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या आसपास चुंबकीय वादळांचे प्रमाण अधिक असते. पृथ्वीचा कल आणि सौरवाऱ्याचे चुंबकीय क्षेत्र यांची त्या सुमारास होणारी जुळणी हे त्याचे एक कारण १९७३ मध्ये मांडले गेले. २० मार्चच्या सुमारास तेथे सूर्य सहाच्या आगेमागे मावळतो. सायंकाळी पाचला जेवण आटोपून आठनंतर निश्चिंतपणे आकाश पाहता येते.

महिना निवडणे मात्र व्यापारी घराला सोपे नाही. सप्टेंबर चातुर्मासात येतो आणि पुढे दिवाळीची खरेदी उभी असते. मार्चमध्ये १५ तारखेला आगाऊ कराचा शेवटचा हप्ता, ३१ला वर्षअखेर आणि मुलांच्या परीक्षा. फेब्रुवारीच्या मध्यास दिवस सात-आठ तासांचा असतो. चौविहार जमतो, पण दुपारी साडेतीनच्या आत जेवण उरकावे लागते. या कुटुंबाने मार्चचा पहिला आठवडा निवडला. धाकट्या चिरंजीवांच्या मुलीची दहावीची परीक्षा असल्याने ते दोघे पतिपत्नी मागे राहणार. ही किंमत लहान नाही आणि घरात त्याची थोडी कुरबूर अजून आहे.

खर्चाचा विचार करताना मुक्काम किती, हा प्रश्न विमानभाड्याहून मोठा मानावा. ट्रॉम्सो किनाऱ्यावर आहे. ढग आले तर वर कितीही प्रखर प्रकाश असो, खाली अंधारच. एका रात्रीची सहल म्हणजे सट्टा. चार-पाच रात्री हाताशी असाव्यात आणि ढग टाळून गाडी दूरवर, प्रसंगी फिनलंडच्या सीमेकडे नेणारा वाटाड्या असावा. 'दर्शनाची हमी' असे छापणाऱ्या पत्रकातील अटी तरी वाचाव्यात. पुष्कळदा हमी दुसऱ्या फेरीची असते, प्रकाशाची नव्हे. छायाचित्रांतला गडद हिरवा रंगही डोळ्यांना अनेकदा फिकट, राखाडीच दिसतो. मे २०२४ च्या वादळात लडाखमधील हानले येथेही आकाशाची तांबडी झाक कॅमेऱ्यांनी टिपली होती, पण असल्या योगावर रजा काढता येत नाही. नॉर्वे युरोपीय संघात नसला तरी शेंगेन व्हिसाच लागतो. त्यासाठी अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. सहल कंपनीने कापलेला टीसीएस हा खर्च नव्हे; विवरणपत्रात तो वळता करून घेता येतो. हे विसरणारे आजही पुष्कळ आहेत.

शिदोरीत मात्र फेरबदल करावा लागला. नॉर्वेत बाहेरून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई असल्याने तुपाची बरणी आणि पेढ्यांचा डबा बाद झाला. तेलावरचे खाखरे, भाजलेला चिवडा आणि मूगडाळ राहिली. पिसे भरलेली जाकिटे टाळून कृत्रिम तंतूंची घेतली. कुत्र्यांच्या गाडीची फेरी आजींनी यादीतून स्वतः खोडली.

सध्या त्यांच्या वहीत ट्रॉम्सोच्या पाच दिवसांचे सूर्योदय आणि सूर्यास्त पेन्सिलीने लिहिलेले आहेत. रोज सूर्यास्त चार-पाच मिनिटांनी उशिरा होतो, हे पाहून त्यांनी नातवाला दोनदा पडताळायला लावले.