ताजला टिकमार्क नको, मुक्काम द्या!

फायनल इयरचा शेवटचा पेपर टाकायचा, सॅक पाठीवर चढवायची आणि दोन-तीन महिने देशभर भटकायचं, असा प्लॅन तुमच्या ग्रुपमधल्या एकाच्या तरी डोक्यात शिजत असेल. त्याची यादी बघा. स्पिती असेल, हंपी असेल, वाराणसी असेल, मेघालय तर असणारच. ताजमहाल मात्र बहुतेक नसेल. का, असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं : 'तिथे काय जायचं? सगळेच जातात. ओव्हररेटेड आहे यार!'

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. हातात तीन महिने असलेल्या माणसाने तर ताज मुळीच टाळू नये. तो नीट बघायला वेळ लागतो आणि बाकीच्या पर्यटकांकडे नेमका तोच नसतो.

२०१२मध्ये यमुना एक्स्प्रेस-वे सुरू झाला, २०१६मध्ये गतिमान एक्स्प्रेस आली आणि दिल्लीहून आग्रा शंभर मिनिटांवर आलं. सोय झाली, पण आग्र्याची 'डे ट्रिप' झाली. सकाळी निघायचं, बाकावर बसून फोटो काढायचा, पेठ्याचा डबा घ्यायचा, रात्री परत. ही गर्दी बघून मुरलेला भटक्या नाक मुरडतो. पण ताज आपल्याला आधीच माहीत आहे, असं दोघंही धरून चालतात. एक जण फोटो काढून मोकळा होतो, दुसरा न जाताच.

इथे मला फ्रान्स्वा बर्निए आठवतो. हा फ्रेंच डॉक्टर औरंगजेबाच्या काळात कित्येक वर्षं भारतात राहिला. १६६३च्या एका पत्रात त्याने ताजचं वर्णन केलं आहे. जगातल्या आश्चर्यांत इजिप्तच्या पिरॅमिडपेक्षा याचा मान मोठा, असं त्याचं मत. पण त्याला स्वतःचीच शंका येत होती. इतकी वर्षं इथे राहून आपली आवड तर बिघडली नाही ना? फ्रान्सहून नुकत्याच आलेल्या सोबत्यानेही तशीच तारीफ केली, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. खूप फिरलेला माणूस स्वतःच्या नजरेवर शंका घेतो. आपण तीस सेकंदांचं रील बघून निकाल देतो!

आता ताजगंजबद्दल. ताजच्या दक्षिण दरवाजाबाहेरची ही वस्ती. स्वस्त खोल्या इथेच मिळतात. ताज बघायला लोक यायला लागले म्हणून ती मागाहून उगवली, असं वाटेल. तसं नाही. मूळ आराखड्यातच इथे बाजार होते आणि लांबून येणाऱ्यांना उतरायला सराया होत्या. त्यांचं उत्पन्न आणि शिवाय ३० गावांचा महसूल ताजच्या देखभालीसाठी लावून दिलेला होता. म्हणजे प्रवाशाने इथे मुक्काम करावा, हे शहाजहानच्या योजनेतच होतं.

आज या शहराच्या वाट्याला काय येतं? १९९६मध्ये सुप्रीम कोर्टाने ताजच्या आसपासच्या कोळशावर चालणाऱ्या कारखान्यांना सांगितलं, नैसर्गिक वायूवर या, नाहीतर इथून हला. संगमरवर पिवळा पडत होता, त्यामुळे निर्णय गरजेचाच होता. पण ताज सगळ्या जगाचा असला तरी त्याची किंमत मोजली आग्र्याने. आणि आपण या शहराला काय देतो? एक दुपार. रात्रीचं जेवण आणि खोलीचं भाडं पुन्हा दिल्लीच्या गल्ल्यात.

'तीन महिने कुणाला मिळतात? घरचे सोडतील का? प्लेसमेंटचं काय?' मान्य. मग तीन दिवस तरी काढा. ताजचं तिकीट भारतीयांना ५० रुपये, मुख्य मकबऱ्यात जायचं तर वर २००. एका तिकिटावर तीनच तास मिळतात, म्हणून पहिल्याच दिवशी तिकडे धावू नका.

आधी इतमाद-उद-दौलाचा मकबरा बघा. नूरजहानने तो बांधून घेतला तेव्हा ताजचं काम सुरूही झालं नव्हतं. संगमरवरात रंगीत दगड बसवायची पच्चीकारी तिथे निवांत बघता येते. दुसऱ्या दिवशी किल्ला. मराठी माणसाला आग्रा म्हटलं की १६६६ आठवतंच. त्याच वर्षाच्या सुरुवातीला शहाजहान या किल्ल्यात कैदेत वारला आणि मे महिन्यात शिवाजी महाराज आग्र्यात आले. संध्याकाळी यमुनेपलीकडच्या मेहताब बागेत जाऊन बसा. उजेड उतरतो तसा समोरच्या घुमटाचा रंग बदलत जातो, तो बघा.

मग तिसऱ्या दिवशी, दरवाजे उघडताच, ताज. तोवर दगडातली फुलं तुमच्या ओळखीची झालेली असतील आणि नदीच्या काठावरच तो का बांधला, हेही थोडं कळलेलं असेल. एवढं करूनही ओव्हररेटेड वाटला, तर खुशाल तसं म्हणा. निदान ते मत तुमचं स्वतःचं असेल.

तेव्हा यादीत आग्रा लिहा आणि पुढे 'तीन रात्री' लिहा. फक्त तिसरा दिवस शुक्रवार नाही ना, ते बघा. शुक्रवारी ताज बंद असतो.