टॅलीचा सर्व्हर क्लाउडवर नेताय? आधी तास मोजा

मंडळी, माझं मत सरळ आहे. मोहन्यात उल्हास नदीजवळ तळमजल्यावर ऑफिस असेल, तर सर्व्हर क्लाउडवर न्याच. २६ जुलै २००५ आठवा. पण व्हर्च्युअल मशीन उचलून जशीच्या तशी टाकू नका. ‘पुढे लागेल’ म्हणून घेतलेल्या जादा रॅमचं तिथे तासाला भाडं पडतं. महिन्याचे तास ७२०. तुमचं काम २६ दिवस, रोज दहा तास, म्हणजे २६०. उरलेला वेळ मशीन बंद ठेवा. अ‍ॅझ्युअरवर नुसतं विंडोजमधून शट डाउन केलं तर मीटर चालूच राहतो हं, पोर्टलवरून स्टॉप करा. डिस्कचं भाडं तरी लागतंच. आणि जुना सर्व्हर एवढ्यात भंगारात देऊ नका. एक जीएसटी रिटर्न नव्या जागेवरून भरून बघा.