गारफील्ड यांची उपासमार

२ जुलै १८८१ रोजी गोळी लागलेले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड १९ सप्टेंबरला निवर्तले. जखम चाचपणाऱ्या डॉक्टरांच्या अस्वच्छ बोटांना दोष दिला जातो, तो रास्तच. परंतु उपासमारीची चर्चा क्वचितच होते. पोटात अन्न ठरेना, तेव्हा डॉ. ब्लिस यांनी गोमांसाचा अर्क, अंड्याचा बलक आणि चक्क व्हिस्की गुदमार्गे देण्यास आरंभ केला. मोठे आतडे पाणी व क्षार शोषते. प्रथिने जवळजवळ नाहीच. सुमारे ९५ किलोंचा देह ६० किलोंपर्यंत खंगला. तरीही १८८२ मध्ये ब्लिस यांनी याच पद्धतीचा पुरस्कार करणारी पुस्तिका काढली! त्यांना केवळ मूर्ख ठरवणे मात्र अन्यायाचे आहे. थेट रक्तवाहिनीतून संपूर्ण पोषण देता येते, हे स्टॅन्ली डड्रिक यांनी फिलाडेल्फियात दाखवून देईपर्यंत १९६० चे दशक सरत आले होते.