सोयाबीनचा ओलावा मोजतो कोण?

नोव्हेंबर 2024 मध्ये, विधानसभेचं मतदान तोंडावर असताना, केंद्राने सोयाबीनच्या हमीभाव खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा 12 वरून 15 टक्के केली, तीही त्या हंगामापुरती. तोवर 4,892 रुपयांचा हमीभाव कागदावर ठेवून अनेकांनी माल व्यापाऱ्याला देऊन टाकला होता.

हिशेब साधा आहे. 15 टक्के ओलाव्याचा क्विंटलभर माल 12 टक्क्यांवर आणला तर वजन घटतं साडेतीन किलोच्या आत. ओलावा म्हणून कपात करायची तर एवढीच. पण केंद्रावर माल नाकारला गेला की व्यापारी मनाला येईल तेवढं कापतो. ओल्या मालाला बुरशी लागते, हे आम्हालाही मान्य आहे. मात्र वाळवायला ताडपत्री, मोकळी जागा आणि दोन-चार दिवसांचं ऊन लागतं. दोन एकरवाल्या आपल्या माणसाला तर सोंगणीची मजुरी आणि दुकानाची उधारी आजच द्यायची असते.

त्यात मीटर खरेदीदाराच्या हातात. म्हणून आमची मागणी आहे: ग्रामपंचायतीत तपासून घेतलेला मीटर, प्रत्येक मालाच्या तीन नमुन्यांची सरासरी, आणि माल नाकारला तर आकड्यासह लेखी पावती. आज नुसतं तोंडी ‘ओला आहे’ म्हणून परत पाठवतात. तक्रार करायला हातात कागदच नसतो.