यंत्र बंद पडते, किरणोत्सार नाही

रस्त्याचा भराव नीट दबला आहे का, हे तपासायला हातात उचलून नेता येणारे एक यंत्र वापरतात, न्यूक्लिअर गेज. त्यात सिझियम-१३७ सारखे किरणोत्सारी पदार्थ असतात. म्हणून ते बाळगायला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. ही कटकट कशाला, असे काहींना वाटते. मला मात्र ती गरजेची वाटते.

यंत्र बिघडले तरी आतला किरणोत्सार चालूच राहतो. सिझियम निम्मे व्हायलाच ३० वर्षे लागतात. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठातील एक जुने यंत्र भंगारात गेले. ते गेज नव्हते, प्रयोगशाळेतले मोठे यंत्र होते. मायापुरीच्या भंगार बाजारात ते तोडल्यावर आतल्या कोबाल्ट-६० मुळे माणसे आजारी पडली, एकाचा जीव गेला.

या किरणांना ना रंग, ना वास. उलट्या, काळवंडलेली त्वचा, गळणारे केस पाहून डॉक्टरलाही कारण चटकन सुचत नाही. म्हणून खरेदीइतकीच कडक तपासणी विल्हेवाटीचीही हवी.

आणि तुम्ही? भंगारात तीन पात्यांचे किरणोत्साराचे चिन्ह दिसले तर हात लावू नका. लांब व्हा आणि पोलिसांना कळवा.